सुखदेवभाऊ रुग्ण व्हायचे

सुखदेवभाऊ, तुम्हाला बेशुद्ध पडताना मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्या दिवशी आयसीयूच्या काचेतून तुम्हाला पाहिल्यावर मी क्षणभर वाट बघत उभी राहिले. आता तुम्ही एक डोळा किलकिला करून विचाराल, "झालं काय बाई? उठू?" तुम्ही उठला नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी गेलात. त्याला आज अडीच महिने झाले.

रामनगरच्या तुमच्या घरी बुद्धवंदना झाली, त्यानंतर लोक बोलले. रेल्वेतले जुने सोबती बोलले, शेजारी बोलले. तुमच्या मुलीनं, वैशालीनं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिथे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. जे होतं ते तुमच्याशीच बोलण्यासारखं होतं. म्हणून लिहिते आहे.

आपली ओळख मधुमेहाच्या ओपीडीतल्या रांगेत झाली. तुम्ही फोनवर मराठीत बोलत होतात. बनारसमध्ये मराठी घरात बोलायची, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. हॉस्पिटलच्या रांगेत मराठी ऐकू आली म्हणून मी हरखून थांबले.

"मराठी का तुम्ही? वा! आडनाव काय आपलं?"

"सुखदेव म्हणतात मले."

"हो, पण आडनाव?"

"नावानं भागत नाही काय बाई?"

तुम्ही हसलात, म्हणून मीही हसले. मला ती गंमत वाटली. पुढे तुमचा फॉर्म माझ्या टेबलावर आला तेव्हा आडनाव मी वाचलंच. वाचलं आणि मला जे कळायचं ते कळलं. तुम्ही मला वाचताना पाहत होतात, हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं.

तेव्हा आमच्या हॉस्पिटलात सिम्युलेशनचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. नर्सिंगच्या मुली आणि नवे डॉक्टर यांच्यासाठी. एक खोली, खाट, मॉनिटर, भिंतीत काच आणि काचेच्या अलीकडे आम्ही शिकवणारे. खाटेवर रुग्णाचं काम करणारा माणूस. समोरच्याचा पेहराव, बोली, वस्ती पाहून आपला हात नकळत कसा आखडतो, आपण प्रश्न कसे कमी विचारतो, हे ज्याचं त्याला दाखवून द्यायचं, असा बेत होता. आम्हाला रुग्ण होणारी माणसं हवी होती. तुम्ही निवृत्त होतात, एकटे होतात. विचारल्यावर लगेच म्हणालात, "येतो की. बीमार पडाचं काम तं मले येते."

काय काम करायचात तुम्ही! नाटकात कधी उभे राहिला नव्हतात. गाड्यांचे डबे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. पण छातीत दुखणारा नावाडी झालात की डावा हात असा धरायचात, की पहिल्या दिवशी मीच खुर्चीतून अर्धी उठले होते. हात कापलेला सफाई कामगार झालात की खाटेवर बसायचाच नाहीत, कडेला उभे राहायचात. "बसा" म्हणेपर्यंत उभे. ते मी लिहून दिलेलं नव्हतं. कुठून आणलं म्हणून विचारलं तर म्हणालात, "त्यात आनाचं काय राहते?"

तिसरी केस सगळ्यांत अवघड. माणूस लटपटतो आहे, जीभ जड, अंगाला घाम. बघणाऱ्याला वाटावं प्यायलेला आहे. खरं कारण, रक्तातली साखर एकदम उतरलेली. करायचं थोडंच असतं: बोटाला टोचून मशीनवर साखर बघायची आणि शिरेतून ग्लुकोज सोडायचं. पण डोक्यात 'दारुडा' हा शब्द आधी आला की हात मशीनपर्यंत जातच नाही. किती जण तिथे अडकायचे! कुणी लांबूनच ओरडून नाव विचारायचं, कुणी नाकाला रुमाल लावायचं. नंतरच्या चर्चेत तुम्ही प्रत्येकाला शांतपणे सांगायचात, "आपने पूछा तो ठीक, लेकिन देखा फाइल की तरफ." रागावून कधी नाही. ते ऐकताना मुली खाली बघायच्या.

प्रतिमा तुम्हाला आठवत असेल. रामघाटाकडच्या नावाड्याची मुलगी, बारीक अंगाची, वर्गात मागे बसणारी. तिनं खोलीत शिरताच तुमच्यासमोर गुडघे टेकले, कपाळाला हात लावून घाम बघितला, नाव विचारता विचारता बोट टोचलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चर्चेत तुम्ही बोलायला उभे राहिलात आणि एकच वाक्य बोलून बसलात, "इस बिटिया ने माथा छुआ." मी तिला पूर्ण गुण दिले. नंतर तिला इमर्जन्सीत कंत्राटावर घेतलं, त्यासाठीही माझीच शिफारस होती.

आपलं भांडण तिसऱ्या केसवरूनच होतं. तुम्ही भांडण म्हणाला नसतात. तुमचा आवाज कधी चढायचाच नाही.

"बाई, तुम्ही लिहिलं, 'गरीब, मळके कपडे.' उद्या त्यानं कपडे धुतले तं तो सुटला काय?"

"मग काय लिहू, भाऊ?"

"माह्यं नाव लिहा. पूर्ण लिहा. कागदावर पहिले तेच तं पाह्यतात लोक."

एकदा तुम्ही स्वतःच ती ओळ केसमध्ये घातलीत, हिंदीत, सुवाच्य अक्षरात: पूर्ण नाव, वस्तीचं नाव. मी ती खोडली. 'पेहरावावरून होणारा दुजाभाव' असे शब्द घातले. ते कुणालाच टोचणारे नव्हते.

"एवढं उघड लिहिलं तर वरचे चिडतील, वर्गच बंद पडेल," मी म्हटलं. "हळूहळू जाऊ."

"हळूहळू कोनाची वाट पाहून राहिले तुम्ही?"

दुसरी गोष्ट तुम्ही पहिल्यापासून म्हणत होतात. खोलीत सगळे चांगले वागतात, कारण काचेमागे मी बसलेली असते. "मले एखाद्या दिवशी न सांगता इमर्जन्सीत पाठवा, मंग पाहा." मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं. कर्मचाऱ्यांचा अपमान होईल, खऱ्या रुग्णांची खाट अडेल, अशी कारणं दिली. कारणं खोटी नव्हती. पण खरं सांगायचं तर जे दिसेल त्याचीच मला भीती वाटत होती. आपल्या शेवटच्या भेटीतही तुम्ही दोन्ही गोष्टी पुन्हा काढल्यात. मी घाईत होते. "पुढच्या बॅचला बघू," म्हणाले. तुम्ही चष्मा खिशात ठेवलात, "बघा," म्हणालात आणि जिना उतरून गेलात. त्यानंतर नऊ दिवसांनी ते घडलं.

त्या दिवसाचं मी सगळं जुळवून काढलं आहे, विचारत विचारत. वैशाली येणार होती म्हणून तुम्ही सकाळपासून दाराला तेलरंग देत होतात. मधुमेहाची गोळी घेतलीत आणि हातातलं काम टाकवेना म्हणून जेवायचं राहिलं. दुपारी एकच्या सुमाराला नवा ब्रश आणायला निघालात. जुनी लुंगी, दोन दिवसांची दाढी, अंगाला थिनरचा उग्र वास. गंगेवरच्या पुलाशी, रामनगरच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला तुम्ही बसून होतात. एका टोटोवाल्यानं, ई-रिक्षावाल्यानं, विचारलं तेव्हा तुम्ही आपल्या हॉस्पिटलचं नाव घेतलंत. तेवढं शुद्धीवर होतात. त्या भल्या माणसानं तुम्हाला पूल ओलांडून आणलं, इमर्जन्सीच्या दाराशी बाकावर बसवलं, गार्डला सांगितलं आणि तो गेला.

गार्ड म्हणाला, "पिए हैं. बैठे रहने दो, उतर जाएगी."

ड्यूटीवरच्या डॉक्टरनं दारातून पाहिलं आणि शुद्धीवर आल्यावर नाव-पत्ता घ्यायला सांगितलं. केसपेपरवर लिहिलं गेलं: अज्ञात पुरुष, दारू प्यायल्याचा संशय. प्रतिमा तुमच्यासमोरून जात-येत होती. तुम्ही जवळजवळ दोन तास त्या बाकावर होतात. मग तुम्हाला झटका आला, बाकावरून खाली पडलात, तेव्हा धावाधाव झाली. बोटाला टोचलं. मशीनवर आलेला आकडा पाहून डॉक्टरनं मशीन बिघडलंय का म्हणून दुसरं मागवलं. सदरा कापून काढताना वॉर्डातल्या आयाबाईंनी तुम्हाला ओळखलं. "अरे, ये तो ट्रेनिंग वाले बाबूजी हैं."

मी त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर उत्तरपत्रिका तपासत होते. प्रश्न होता, रुग्णाकडे पाहताना होणारे पूर्वग्रह आणि ते टाळण्याचे उपाय. मुलींनी छान लिहिलं होतं.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिमा सिम्युलेशनच्या खोलीत आली. मी खाटेवरची चादर बदलत होते, उगाचच. ती दारातच उभी राहिली.

"मैडम, सब कह रहे हैं कि हमें लगा ड्रिल है. मैंने भी वही कहा है."

मी चादरीची कडा गादीखाली खोचली.

"झूठ है, मैडम. मैंने पहचाना ही नहीं. चेहरा देखा ही नहीं. थिनर को दारू समझा." तिचा आवाज सरळ होता, रडवेला नव्हता. "मेरे पिताजी भी ऐसे ही आते, लुंगी में, तो…"

मग तिनं विचारलं, "वो एक ही चीज बोल रहे थे बार-बार. मुझे लगा नशे में बड़बड़ा रहे हैं. साखर, साखर. मैडम, साखर क्या होता है?"

भाऊ, तीस वर्षं तुम्ही या गावात काढलीत. बनारसी अशी बोलायचात, की घाटावरची माणसंही फसायची. आणि मेंदूला साखर पुरेनाशी झाली तेव्हा तुमच्याजवळ आईची भाषा तेवढी उरली. तुम्ही आजार ओळखला होतात. औषधही मागत होतात. तिसऱ्या केसचं उत्तर तुम्ही स्वतः त्या मुलीला सांगत होतात.

मला ते तिला सांगावं लागलं. "चीनी," मी म्हटलं. ती हळूच खाली फरशीवर बसली. मी तिला उठवलं नाही, जवळही गेले नाही. त्या क्षणी मला तिची दया आली नाही. तुम्हाला हे खरं सांगते.

त्याच आठवड्यात मला वर बोलावलं. टाईप केलेला कागद तयार होता. मृत व्यक्ती प्रशिक्षणात रुग्णाची भूमिका करत असल्यामुळे कर्मचाऱ्यांचा प्रामाणिक गैरसमज झाला, अशा अर्थाचं. खाली माझ्या सहीची जागा. समोर बसलेले साहेब समजुतीनं बोलत होते. "मैडम, किसी का बुरा नहीं होगा. लड़की की नौकरी बचेगी. आपकी क्लास भी चलती रहेगी."

मी कागद घरी नेला. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतून चढताना पायऱ्यांवर दोनदा थांबले. घरी आईनं चेहरा पाहून विचारलं, "काय झालं गं?" मी सांगितलं, हॉस्पिटलात एक माणूस गेला, ओळखीचा होता, मराठी. तिला खरंच वाईट वाटलं. "अगं बाई! आपल्यातले का?" मी हो म्हटलं. "आडनाव काय?" तिनं विचारलं. तिच्या विचारण्यात काडीचाही दुष्टपणा नव्हता. माझ्याही नव्हता, ओपीडीच्या रांगेत. मी आईला उत्तर दिलं नाही. आत जाऊन तो कागद पुन्हा वाचला, आणि तेव्हा मला त्यातलं खोटं दिसलं.

त्यांना जर खरंच वाटलं असतं, की हे ट्रेनिंगवाले बाबूजी आहेत, ड्रिल आहे, तर तुम्ही जगला असता. ड्रिल असती तर त्यांनी तुम्हाला नमस्कार केला असता, गुडघे टेकले असते, कपाळाला हात लावला असता, दोन मिनिटांत बोट टोचलं असतं. ते सगळं त्यांना येत होतं. मीच शिकवलं होतं, तुम्ही शिकवलं होतं. तुम्हाला हात कुणी लावला नाही, याचाच अर्थ तुम्ही त्यांना खरे रुग्ण वाटलात.

मी सही केली नाही. स्वतःच्या हातानं चार पानं लिहून दिली. गार्ड, डॉक्टर, प्रतिमा, आणि मीसुद्धा. तुम्ही लिहिलेली ओळ मी खोडली होती हे लिहिलं. न सांगता इमर्जन्सीत यायला तुम्ही तयार होतात आणि मी नाही म्हटलं होतं, हेही लिहिलं. 'अज्ञात पुरुष' या शब्दांच्या जागी तुमचं पूर्ण नाव लिहिलं.

त्यातून काय निघालं ते सांगते, तुम्हाला गोड करून सांगण्यात अर्थ नाही. प्रतिमाचं कंत्राट संपवलं. गार्डची गेटवरून पार्किंगला बदली झाली. डॉक्टर तिथेच आहेत, चांगले चालले आहेत. सिम्युलेशनचा वर्ग पुढील आदेशापर्यंत बंद. खोलीत आता औषधांचे खोके ठेवतात. मी पुन्हा फळ्यावर शिकवते. खरं लिहिल्यानं ज्या एकाच माणसाची नोकरी गेली ती सगळ्यांत खालची निघाली, आणि खरं बोलायला माझ्याकडे आपणहून आलेली तीच एकटी होती. हे बरोबर केलं का, हे मी तुम्हालाच विचारलं असतं. दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही.

वैशाली परत जाण्याआधी मला भेटायला आली होती. दार अर्धंच रंगवलेलं राहिलंय म्हणाली. तिनं चहा घेतला नाही, आरडाओरडा केला नाही. शेवटी म्हणाली, "बाबा शिकवायचे ना हो तिथं?" मी हो म्हटलं. "मग?" तिनं विचारलं. भाऊ, तीन वर्षांत त्या खोलीत मला अनेक प्रश्न विचारले गेले. तुम्हीच किती विचारलेत. हा एक शब्द ऐकून मी तिचा न घेतलेला चहा आत ठेवून आले. ती उठली आणि तुमच्यासारखीच जिना उतरून गेली.

तुमचे आभार मानायचे राहून गेले. सत्राच्या शेवटी आम्ही सगळ्यांचे मानायचो, तसे नव्हेत. तुम्ही दर आठवड्याला येऊन त्या खाटेवर पडायचात. ज्या नजरा तुम्ही आयुष्यभर झेलल्यात, त्याच पुन्हा पुन्हा, आपण होऊन, शिकणाऱ्या पोरींकडून झेलायचात आणि वर त्यांना समजावून सांगायचात. मी त्याला अभिनय म्हणत होते. एकदाही तुम्हाला विचारलं नाही, की घरी गेल्यावर कसं वाटतं. परवा तुमच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं, सत्राच्या दिवशी तुम्ही संध्याकाळी कुणाशी बोलायचा नाहीत, सायकल काढून सरळ सारनाथला जायचात. एवढ्या लांब. "मी बदली मागितली ती काशीसाठी नाही, सारनाथसाठी," असं तुम्ही पहिल्या वर्षी म्हणाला होतात आणि मी ते श्रद्धेचं वाक्य म्हणून ऐकून सोडून दिलं होतं.

काल प्रतिमाचा फोन आला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. रामनगरला एका छोट्या नर्सिंग होममध्ये लागली आहे. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, दुपारी एक म्हातारा आला होता. लटपटत, तोंडातून शब्द फुटेना, कपडे चिखलानं भरलेले. बाकीचे हसत होते. तिनं आधी कपाळाला हात लावला, मग बोट टोचलं.

"कितनी थी?" मी विचारलं.

"नॉर्मल थी, मैडम. दोबारा देखा. वो सच में पिए हुए थे."

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या, मैडम. मुँह धुलाया, करवट लिटाया, कंबल ओढ़ा दिया. नाम भी पूछा. शाम को घर गए."